सृष्टीच्या अंगणांत : पाकट आणि भुलगा

श्रावणांतील एका सकाळीं आमचा बंडू आणि मी वर्सोव्याच्या किनाऱ्यावर फिरावयास गेलों होतों. पावसाळ्यांतील मासेमारीची बंदी ३१ जुलै रोजीं संपते. मग नारळीपौर्णिमेच्या आगेंमागें होड्या पुन्हां समुद्रांत लोटल्या जातात, आणि दोन महिने सुना पडलेला किनारा एकाएकीं गजबजून उठतो. त्या दिवशीं भरती नुकतीच ओसरली होती. वाळूवर एके ठिकाणीं दहापंधरा माणसांचें कोंडाळें जमलें होतें. आंत डोकावून पाहतों तों साडेचार फूट लांबीचें, काळेंभोर आणि गुळगुळीत असें एक धूड निपचित पडलेलें. तोंड बोथट, डॉल्फिनला असते तशी चोंच नाहीं, आणि पाठीवर पर असावयाचा तोहि नाहीं. कोणी त्याला डॉल्फिनचें पिलूं म्हणत होता, कोणी देवमाशाचें. तेथून वीसएक पावलांवर एक कोळीण टोपली उतरवून बसली होती. टोपलींत वरच एक पाकट पसरला होता : जेवणाच्या ताटाएवढा, करड्या रंगाचा, पापडासारखा चपटा आणि मागें चाबकासारखी लांब शेंपटी.

बंडूनें दोहोंकडे आळीपाळीनें पाहिलें आणि मला विचारलें, "काका, यांतला मासा कोणता?"

"अरे, पाकट मासा. हा काळा प्राणी मासा नव्हे," मी मोठ्या ऐटींत उत्तर दिलें.

"कशावरून?"

प्रश्न एकाच शब्दाचा. पण परतीच्या वाटेवर त्याचें समाधान करतां करतां माझी बरीच तारांबळ उडाली. दिसण्यावरून म्हणावें, तर मासा शोभतो तो काळा प्राणी. पाकट पतंगासारखा, नाहींतर वाळत घातलेल्या रुमालासारखा दिसतो. अंगावर खवले असावे म्हणावें, तर खवल्यांनीं मढलेलें अंग दोघांपैकीं कोणाचेंच नाहीं. अंडीं घालतो तो मासा म्हणावें, तर तीहि खूण येथें उपयोगी पडत नाहीं, कारण पाकट अंडीं घालीत नाहीं; त्याची मादी जिवंत पिलांना जन्म देते.

आमच्या घरांत मासळी शिजत नाहीं, आणि या मासिकाच्या पुष्कळ वाचकांच्या घरींहि तीच रीत असावी. त्यामुळें होतें असें कीं, अंधेरी-बोरिवलीस जन्म काढून आणि रोज संध्याकाळीं खारा वारा खाऊनहि समुद्रांतील प्राण्यांचीं नांवें आपल्या जिभेवर नसतात. आमच्या कोळणीच्या लहान मुलीला जें ठाऊक, तें मला पुस्तकें चाळून काढावें लागलें. त्या काळ्या प्राण्याला मालवणकडील मच्छीमार भुलगा म्हणतात. इंग्रजींतील त्याचें नांव फिनलेस पॉरपॉइज, म्हणजे बिनपराचा पॉरपॉइज. डॉल्फिनच्या कुळाशेजारचें हें कुळ. डॉल्फिनचे दांत सुळ्यासारखे टोंकदार, तर याचे कुदळीच्या पात्यासारखे चपटे. पुरा वाढलेला भुलगा पांच-साडेपांच फुटांच्या पलीकडे सहसा जात नाहीं. पाठीवर पराच्या जागीं बारीक पुटकुळ्यांची एक पट्टी तेवढी असते. जिवंतपणीं त्याचा रंग करडा असतो; मेल्यावर कातडी काळवंडते. आरंभींच्या शास्त्रज्ञांपुढें मेलेलींच शरीरें आलीं, त्यामुळें त्याला काळा पॉरपॉइज असें नांव पुष्कळ दिवस चिकटून राहिलें होतें. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए यानें १८२९ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. त्याच्या हातीं आलेली कवटी आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाकडील म्हणून नोंदली गेली. पण तिकडे हा प्राणी आढळतच नाहीं, आणि ती कवटी आपल्या मलबार किनाऱ्यावरील असावी असें आतां मानतात.

सायंकाळीं पानें वाढलीं असतां बंडूनें तोच प्रश्न घरच्या पंचांपुढें मांडला. दादा वकील, त्यांनीं प्रथम "मासा" या शब्दाची व्याख्या मागितली, म्हणजे खटला लांबणीवर टाकला. पुतणी कॉलेजांत विज्ञान शिकते; तिनें कल्ले आणि फुप्फुसें यांचा भेद सांगितला, आणि तो बरोबरच होता. आईनें मात्र ताक वाढतां वाढतां एका वाक्यांत निकाल दिला : "जें पिलाला दूध पाजतें तें आपल्यांतलें. बाकीचे मासे."

हा निकाल पंडितांनींहि मान्य करण्यासारखा आहे. स्वीडनचा लिनीयस यानें १७५८ सालीं आपल्या सृष्टिवर्गीकरणाची दहावी आवृत्ति काढली, तींत देवमासे आणि डॉल्फिन यांना माशांच्या पंक्तींतून उठवून सस्तन प्राण्यांच्या पंक्तींत बसविलें. पण त्याच ग्रंथांत त्यानें पाकट आणि मुशी यांनाहि माशांतून बाहेर काढलें होतें, आणि बसविलें कोठें, तर बेडूक, साप, कासवें यांच्या शेजारीं! त्यांना फुप्फुसें असतात अशी त्या थोर गृहस्थाची समजूत झाली होती. एक अन्याय दूर करतांना दुसरा कसा घडतो, याचें हें उदाहरण मला फार गमतीचें वाटतें. पुढें ती चूक दुरुस्त होऊन पाकट पुन्हां माशांत आला, तो आजतागायत तेथेंच आहे.

आतां पुतणीच्या मुद्याकडे वळतों. पाकटाचें सारें अंग तळाशीं पडून राहण्यासाठीं घडलेलें आहे. त्याच्या शरीरांत हाड म्हणून नाहीं. आपल्या कानाच्या पाळींत असते तसल्या कूर्चेचाच सांगाडा. डोळे वरच्या बाजूस, तोंड खालच्या बाजूस, आणि कल्ल्यांच्या पांच-पांच चिरा याहि पोटाकडे. चिखलांत तोंड खुपसून पडलेल्या प्राण्यानें श्वास घ्यावा कसा? यासाठीं डोळ्यांच्या मागें दोन भोकें आहेत. त्यांतून स्वच्छ पाणी आंत ओढलें जातें आणि खालच्या चिरांतून बाहेर पडतें. पाण्यांत विरघळलेला प्राणवायु कल्ले शोषून घेतात. पाकटाला जन्मभर पाण्याबाहेर डोकें काढण्याची गरज पडत नाहीं.

भुलग्याचें याच्या नेमकें उलट. तो तुमच्या-आमच्यासारखी हवा घेतो. डोक्यावर एक श्वासरंध्र असतें. पाण्याच्या पृष्ठभागाशीं यावयाचें, हवा भरून घ्यावयाची आणि पुन्हां बुडी मारावयाची. बहुतेक बुड्या मिनिटाच्या आंतबाहेरच्या. फार झालें तर तीन-चार मिनिटें. पोहण्याची तऱ्हाहि निराळी. इतर मासे शेंपूट डावी-उजवीकडे हलवितात. पाकट अंगाच्या कडा पंखांसारख्या लाटवीत जातो. आणि भुलगा शेंपूट खालींवर मारतो. कारण त्याचा कणा मूळचा चारपायी जनावराचा, धांवतांना खालींवर लवणारा.

हे चारपायी पूर्वज आपल्याच भूखंडांतले होते, ही गोष्ट बंडूला फारच आवडली. जम्मूकडील कालाकोट येथें रंगराव नांवाच्या भारतीय भूशास्त्रज्ञांना सुमारें पावणेपांच कोटि वर्षांपूर्वींच्या एका लहानशा खुरवाल्या प्राण्याचे अवशेष सांपडले, आणि १९७१ सालीं त्यांनीं त्याला इंडोह्यूस असें नांव दिलें. पुष्कळसे दगड मात्र न फोडतांच राहिले. रंगरावांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीनें ते वर्षानुवर्षें सांभाळून ठेवले, आणि पुढें थेविसन नांवाच्या संशोधकाच्या हवालीं केले. त्यांतील एक कवटी साफ करतांना मदतनिसाच्या हातून चुकून मोडली. आंत कानाचें जें हाड दिसलें, त्याची ठेवण केवळ देवमाशांच्या कुळांत आढळणारी होती. हें २००७ सालीं जाहीर झालें. मांजराएवढा, हरणासारख्या पायांचा, नदीकांठीं वावरणारा हा जीव देवमाशांच्या अगदीं जवळच्या भाऊबंदांपैकीं ठरला. घरांतले "निरुपयोगी दगड" टाकून न देणाऱ्या त्या माउलीचे उपकार शास्त्रानें विसरूं नयेत असें मला वाटतें. आमच्या घरांत तर ते पहिल्या दिवाळीच्या साफसफाईंतच गेले असते.

म्हणजे पाकट हा समुद्राचा जुना वतनदार. त्याच्या कूर्चेच्या कुळाची वस्ती तेथें चाळीस कोटि वर्षांहून अधिक काळाची. भुलगा हा पांच कोटि वर्षांपूर्वीं जमिनीवरून बिऱ्हाड हलवून गेलेल्यांचा वंशज. मुंबईच्या गढूळ पाण्यांत, जेथें हातभर पुढलें दिसत नाहीं, तेथें दोघांनींहि डोळ्यांवर विसंबणें सोडलें आहे. पाकटाच्या तोंडाभोंवतीं बारीक छिद्रें असतात. इटलींतील लोरेंझिनी यानें १६७८ सालीं त्यांचें वर्णन केलें. पण वाळूंत दडलेल्या जीवाच्या अंगांतील सूक्ष्म वीज ओळखणारीं तीं इंद्रियें आहेत, हें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत उमगलें. भुलगा आवाज करतो आणि त्याचा प्रतिध्वनि ऐकतो. त्या आवाजाचीं कंपनें सेकंदाला लाखाहून अधिक, आणि आपला कान वीस हजारांशींच थांबतो. तेव्हां त्याची सारी बडबड आपल्याला मौनच.

हें सर्व सांगून झाल्यावर मी आईला म्हणालों, "तुझा दुधाचा निकाल मात्र थोडा अडचणींत येतो हं." कारण पाकटाच्या मादीचा जो प्रकार मला वाचावयास मिळाला, तो ऐकून वहिनींनीं हातांतली वाटी खालीं ठेविली होती.

इन्व्हेस्टिगेटर नांवाची सरकारी मोजणीबोट १८८१ सालीं मुंबईच्याच गोदींत बांधली गेली. तिच्यावर १८८८ पासून कांहीं वर्षें अल्कॉक नांवाचे डॉक्टर सृष्टिशास्त्रज्ञ म्हणून होते. पुढें ते कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचे प्रमुख झाले. बंगालच्या उपसागरांत जाळ्यांत आलेल्या फुलपांखरी पाकटाच्या गाभण माद्या त्यांनीं आणि वुड-मेसन यांनीं तपासल्या, आणि १८९१ सालीं हकीकत प्रसिद्ध केली. गर्भाशयाच्या आंतील भिंतीवर लांब लांब तंतूंची दाट मखमल उगवलेली, आणि ते तंतु दुधासारखा स्राव पाझरणारे! नुसते पाझरणारेच नव्हेत. त्यांचे झुबके पिलाच्या डोळ्यांमागील भोकांतून आंत शिरून थेट घशापर्यंत पोंचलेले. पाकटाच्या पिलाला ना नाळ, ना वार. बरोबर आणलेली पिवळ्या बलकाची शिदोरी लौकरच सरते. नंतर आईच्या पोटांतच त्याला हें स्निग्ध, पौष्टिक दूध मिळतें, आणि आईसारख्याच आकाराचें, पंख गुंडाळून घेतलेलें असें तें पुरें होऊन बाहेर येतें. बाहेर आल्यावर मात्र मायलेकरांचा संबंध सुटला. पिलूं आपलें आपण पोट भरतें.

भुलग्याच्या मादीचें गर्भारपण सुमारें अकरा महिन्यांचें. पिलूं एकच. जन्मल्याबरोबर त्याला पहिल्या श्वासासाठीं पाण्यावर यावें लागतें, आणि पुढें कित्येक महिने तें आईच्या आंचळाला लागून तिच्याबरोबर हिंडतें. म्हणजे एक आई जन्माआधीं पाजते आणि दुसरी जन्मानंतर. आईनें हें सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग त्या टोपलीतलीच्या पोटांत पिलें होतीं का रे?"

मला तें ठाऊक नव्हतें. मी पाहिलें नव्हतें, आणि पाहण्याचें सुचलेंहि नव्हतें. पण प्रश्न वर्मीं लागला. दुसऱ्या दिवशीं मी मुद्दाम पुन्हां किनाऱ्यावर गेलों. तेथें जाळें विणीत बसलेल्या एका वृद्ध कोळ्याशीं बोलतां त्यानें सांगितलें कीं, पूर्वीं जाळ्यांत मोठमोठे पाकट येत, दोन माणसांनीं उचलावे असे. आतां येतात ते बहुधा लहान. त्याच्या आजोबांच्या वेळीं करवतीसारख्या लांब तोंडाचा मासाहि येत असे. यानें स्वतः तो एकदांच पाहिला आहे. हा करवत मासा पाकटाच्याच कुळांतला.

याचें गणित सोपें आहे. पापलेटाची एक मादी लाखाच्या घरांत अंडीं सोडते. त्यांतलीं बहुतेक जातात, पण थोडीं जगलीं तरी वंश चालतो. पाकटाची मादी एका वेळीं दोन-चार, फार तर सात-आठ पिलें देते. भुलग्याची मादी दोन वर्षांतून एखादें. इतक्या मोजक्या पिलांवर ज्यांचा संसार, त्यांतल्या मोठ्या माद्याच जाळ्यांत जाऊं लागल्या, तर ती तूट भरून निघावयास काळ कोठला? यांत्रिक होड्यांचीं तळ खरवडीत जाणारीं जाळीं पाकटाला उचलतात. उभीं पसरलेलीं नायलॉनचीं जाळीं भुलग्याला घात करतात. त्यांचा धागा इतका बारीक असतो कीं त्याचा प्रतिध्वनि वेळेवर येत नाहीं.

आणि येथें कल्ले व फुप्फुसें यांचा भेद पुस्तकांत न राहतां जीवन-मरणाचा होतो. जाळ्यांत गुंतलेला पाकट पाण्याखालीं श्वास घेतच असतो. जाळें लौकर ओढलें, आणि कोणाला दया येऊन त्यानें तो परत सोडला, तर तो जगण्याचा पुष्कळ संभव असतो. भुलग्याला वर येतां आलें नाहीं कीं कांहीं मिनिटांत तो गुदमरतो. समुद्रांत राहणारा प्राणी समुद्रांत बुडून मरतो! आम्ही पाहिलेला भुलगा कशानें मेला तें मी सांगूं शकत नाहीं; पण किनाऱ्याला लागणाऱ्या भुलग्यांपैकीं कित्येकांच्या अंगावर जाळ्याच्या दोऱ्याचे वळ आढळतात. त्या दिवशीं खात्याचीं माणसें आलीं, त्यांनीं मोजमापें घेतलीं आणि वाळूंत खोल खड्डा खणून त्याला पुरलें.

भुलग्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें पहिल्या अनुसूचीचें, म्हणजे वाघाच्या तोलाचें, संरक्षण दिलें आहे. पाकटाच्या कुळांतील करवत मासे आणि आणखी थोड्या जाति यांना तें २००१ सालीं मिळालें. टोपलींत दिसणाऱ्या नेहमींच्या पाकटांना तें नाहीं. पण कायदा कागदावर आणि भुलगा जाळ्यांत. तो जिवंत असेल तर सोडविण्यासाठीं जाळें कापावें लागतें, आणि जाळें म्हणजे कोळ्याचें भांडवल. ही अडचण ओळखून महाराष्ट्र सरकारनें डिसेंबर २०१८ पासून अशी योजना केली कीं, संरक्षित प्राणी सोडण्यासाठीं जाळें कापल्यास पुराव्यादाखल छायाचित्रें पाहून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यावी. ही योजना मला फार शहाणपणाची वाटते. दयेचा सारा खर्च गरीबानेंच सोसावा असें म्हणणें सोपें असतें, विशेषतः ज्यांच्या घरीं जाळें नाहीं आणि मासळीहि नाहीं त्यांना.

हा अंक हातीं पडेल तेव्हां गणपति घरोघर बसलेले असतील, म्हणून पाकटाविषयीं एक घरगुती गोष्ट सांगितली पाहिजे. २०१३ सालीं गिरगांव चौपाटीवर दीड दिवसांच्या गणपतींच्या विसर्जनाच्या वेळीं कित्येक भक्तांच्या पायांना पाकटांचे दंश झाले. तेव्हांपासून भाद्रपदांत जुहू, वर्सोवा, आक्सा, मार्वे, गोराई वगैरे किनाऱ्यांसाठींहि सूचना निघतात. पाकट भांडखोर नव्हे. तो उथळ पाण्यांत अंगावर वाळू ओढून पडलेला असतो. कोणाचा पाय अंगावर पडला कीं शेंपूट उसळते. तिच्यावर करवतीसारख्या दात्यांचा कांटा असतो, आणि त्याच्या खाचांत विष. तेव्हां अनवाणी पाण्यांत शिरूं नये, आणि पाय उचलून न टाकतां वाळूवरून घासत, फरफटत चालावें. चाहूल लागली कीं तो आपण होऊन निघून जातो.

इतकें करूनहि दंश झालाच, तर वेदना भयंकर होतात. बर्फ लावूं नये. जखम धुवावी, रक्त वाहत असल्यास दाबून धरावें, आणि पाय सोसवेल इतक्या कढत पाण्यांत अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. उष्णतेनें वेदनेचा जोर ओसरतो. पाणी किती कढत आहे तें दुसऱ्यानें आपल्या हातानें पाहावें, कारण दंश झालेल्याला वेदनेपुढें तें कळत नाहीं, आणि पाय भाजण्याची भीति असते. कांटा खोल रुतला असेल तर घरीं उपटण्याच्या भरीस पडूं नये. घरचे उपचार झाले तरी डॉक्टरांना दाखवावेंच. तुटका कांटा आंत राहूं शकतो, आणि धनुर्वाताचें इंजेक्शनहि पाहावें लागतें. वहिनींनीं हें सर्व एका कागदावर लिहून मखराशेजारच्या खिळ्याला अडकविलें आहे, आणि यंदां आरतीच्या सामानाबरोबर कढत पाण्याचे दोन थर्मास न्यावयाचे ठरलें आहे.

आईनें मात्र आपला निकाल बदललेला नाहीं. पोटांत पाजणें आणि पोटाशीं धरून पाजणें यांत फरक आहे, असें तिचें म्हणणें. दादांनीं यावेळीं व्याख्या मागितली नाहीं. बंडू गेले आठ दिवस घरभर पाय घासत चालण्याचा सराव करीत आहे. अनंतचतुर्दशीला वर्सोव्याच्या पाण्यांत, एका हातानें आजीचा पदर धरून, पाय फरफटवीत जाणारें एखादें पोर दिसलें, तर तें आमच्या घरचें समजावें.